कापसाचे नवे वर्ष आणि ‘चालू’ नावाची लिंक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आता सीतादही (वेचणीची पूजा) होईल, वेचणी सुरू होईल आणि जिनिंगच्या फाटकापुढे बंड्या-ट्रॅक्टरांची रांग लागेल. कापसाचे वर्ष १ ऑक्टोबरला पालटते, त्यासोबत वजनकाट्यावरच्या संगणकातला फोल्डरही पालटावा लागतो. जिथे लिनक्स आहे, तिथे पावत्यांच्या प्रोग्रामला बहुधा ‘चालू’ नावाची सिम्बॉलिक लिंक, म्हणजे खऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारे नुसते नाव, दिलेली असते. ती ‘हंगाम-२०२४-२५’वरून ‘हंगाम-२०२५-२६’कडे वळवायची, एवढेच काम. पण हेच काम हमखास चुकते, आणि चुकल्याचे संगणक सांगत नाही.

बहुतेक जण ‘एलएन -एस हंगाम-२०२५-२६ चालू’ अशी कमांड देतात. (एलएन म्हणजे लिंक बनवणारी कमांड. छापण्यासाठी देवनागरीत लिहिली आहे, कमांडची नावे, पर्याय आणि पुढे येणारी तारीख टाइप करताना इंग्रजीच.) एरर येत नाही, म्हणून झाले असे वाटते. प्रत्यक्षात ‘चालू’ ही लिंक एका फोल्डरकडे जाते हे पाहून एलएन त्या फोल्डरच्या आत शिरते आणि नवी लिंक तिथे, म्हणजे जुन्या हंगामाच्या पोटात, तयार करते. ‘चालू’ जागची हलत नाही. नव्या कापसाच्या पावत्या मागच्या वर्षाच्या खात्यात पडत राहतात. -एसएफ (यातला ‘एफ’ म्हणजे त्या नावाचे जुने काढून नवे लाव) लावूनही हेच होते. वर आत तयार झालेली ती लिंक स्वतःकडेच बोट दाखवते, कारण लिंकमधला अर्धा पत्ता लिंक जिथे आहे तिथून मोजला जातो, आपण कमांड दिली तिथून नाही. उघडायला गेले की ‘लिंकांच्या फार पायऱ्या झाल्या’ अशा अर्थाची इंग्रजी तक्रार येते.

बरोबर कमांड ‘एलएन -एसएफएन हंगाम-२०२५-२६ चालू’. यातला ‘एन’ म्हणतो, लिंकच्या पलीकडे जाऊ नको, लिंकलाच धर. ‘चालू’च्या शेवटी तिरकी रेघ मात्र नको, टॅब दाबून नाव पुरे करताना ती कधी चिकटते, आणि मग एलएन पुन्हा आतच जाते. नंतर ‘रीडलिंक चालू’ देऊन लिंक कुठे जाते ते बघावे. २०२५-२६ दिसले तरच उठावे.

‘एन’ही एका ठिकाणी हरतो. पेनड्राइव्हच्या फॅट फॉरमॅटला लिंक कळत नाही. म्हणून लिंकऐवजी तिच्यातला माल कॉपी करून बॅकअप घेतात, आणि तो परत टाकला की ‘चालू’ हा खराखुरा फोल्डर होऊन बसतो. मग -एसएफएनसुद्धा नवी लिंक त्याच्या आतच ठेवते. त्यासाठी आमच्या मते -एसएफटी (‘टी’ मोठ्या लिपीतला, बाकी लहान) अधिक भरवशाचे. ‘चालू’ खरा फोल्डर निघाला तर ते सरळ नकार देते, आणि गुपचूप चुकण्यापेक्षा नकार केव्हाही परवडतो.

काटा सुरू असतानाच लिंक वळवायची असेल तर दोन पावलांत वळवावी. आधी ‘एलएन -एस हंगाम-२०२५-२६ चालू-नवी’, मग ‘एमव्ही -टी चालू-नवी चालू’ (‘टी’ इथेही मोठाच). हे नाव बदलणे एका झटक्यात होते. एलएनच्या जुन्या आवृत्त्या आधी जुनी लिंक काढतात आणि मग नवी लावतात. नेमकी त्या क्षणी लाईन गेली तर ‘चालू’च नाही, अशी गत. तरीही पावत्यांचा प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावाच. त्याने आधीच उघडलेली फाईल जुन्या फोल्डरातलीच असते, लिंक कितीही फिरवली तरी.

चूक होऊन गेली असेल, तर जुन्या फोल्डरात जाऊन ती भरकटलेली लिंक नुसत्या ‘आरएम’ने काढावी. ‘-आर’ (आतल्या सगळ्यासह पुसणारा पर्याय) नको, शेवटी तिरकी रेघ नको. दोन्ही एकत्र आली आणि लिंक खऱ्या फोल्डरकडे जात असली, तर लिंक राहते बाजूला आणि पलीकडचा माल पुसला जाऊ शकतो. मग ‘फाइंड’ला ‘-टाइप एफ -न्यूअरएमटी २०२५-१०-०१’ सांगितले की १ ऑक्टोबरपासून जुन्या फोल्डरात पडलेल्या वा बदललेल्या फाईल निघतात. त्या आधी कॉपी कराव्यात, पावत्यांचे क्रमांक कागदी बुकाशी ताडून बघावेत, आणि मगच जुन्या जागेवरून काढाव्यात.

आपले,
काट्यांवरच्या संगणकांची देखभाल करणारे,
जि. यवतमाळ