बुधवारचे तीन

भायखळा, मुंबई
13 मार्च 2026

प्रिय ठमे,

नाताळच्या कार्डाला आज उत्तर देतेय. शिव्या भेटीत घाल. बीपी गोळीवर आहे, गुडघा आहे तसाच.

मावशीला मी चर्चच्या दाराबाहेर बसवलं गं.

मला महिला मंडळाची सेक्रेटरी केलंय हे कळलंच असेल, नगरला सगळं आमच्या आधी कळतं. वर्षाचा आराखडा केला, रंगीत रकाने पाडून! बुधवारी दुपारी तीनच्या सभेला सातजणी यायच्या, त्यातल्या दोघी डुलक्या काढायला. नोकरीवाल्या पोरी म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळी ठेवा. ठेवली. 6 तारखेला जागतिक प्रार्थना दिन होता, तोही संध्याकाळी घेतला तर एकतीसजणी. यंदाची उपासना नायजेरियाच्या स्त्रियांनी लिहिलेली, विषय विसावा. आणि आमच्या पोरी लोकलला लोंबकळत विसाव्याला पोचल्या. पाळकसाहेब खूश, मी हवेत.

आता पुढचं. पंडिता रमाबाईंनी इथे मुंबईत शारदा सदन काढलं ते 11 मार्च 1889 ला. त्यावर बोलायचं मावशीने जानेवारीतच कबूल केलेलं. यंदा 11 ला नेमका बुधवार. मी सभा 14 वर ढकलली, ग्रुपवर टाकली आणि मोकळी झाले. मावशीकडे बटणांचा फोन आहे हे मला माहीत नाही का? रिचार्ज मीच मारते.

तीनला ती हजर. चहाचा थर्मास, चार फुलस्केप कागद, आणि दाराला कुलूप. वॉचमनने खुर्ची दिली. मग तिने त्यालाच सगळं भाषण दिलं: एवढी संस्कृतची पंडिता, पण बायबल उतरवलं ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, वगैरे. थर्मासमधला चहाही त्यालाच. संध्याकाळी तो मला फोनवर विचारतो, "मॅडम, वो रमाबाई अभी किधर रहती है?" आधी हसले. मग ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

रात्री तिच्याकडे गेले. म्हणते, "मला वाटलं मेगाब्लॉक असेल, पोरी अडकल्या." बुधवारी कसला मेगाब्लॉक, ठमे!

उद्या टॅक्सीने नेते म्हटलं, तर दिवेलागणीनंतर तिला अक्षर दिसत नाही. दुपारी ठेवावं तर पोरी नाहीत. दोन्ही ठेवावं तर एका मंडळाची दोन होतात, आणि दोन्हीकडे चहाला मीच. कॅरलफेरीच्या वेळी तू मला मुकादमीण म्हणालीस, मी ईस्टरपर्यंत अबोला धरला होता. अजून पटलेलं नाही, पण परवापासून तो शब्द डोक्यातून जात नाही. तुमच्याकडे काय करतात? खरं सांग, उपदेश नको.

सुनेचे दिवस भरत आले ना? दुपटी शिवून ठेवलीत. घराच्या छपराचं झालं का?

कागद मावशीने मला दिलेत, "तूच वाच" म्हणून. तिचं अक्षर तुलाच लागायचं. उद्या चारला फोन करते, उचल.

तुझी,
सेक्रेटरीणबाई

ता. क. त्या फेरीच्या डब्यातले अकरा रुपये तूच घेतले होतेस.