पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत खोडाखोड का होत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मालिकालेखनावर आलेल्या लेखाचा सूर असा होता की, पाच-सहा जणांनी मिळून लिहायचे म्हटले की लेखकाची तळमळ संपते आणि उरते ती निव्वळ हमाली. मी गेली सोळा वर्षे मराठी मालिकांसाठी पटकथा लिहितो आणि त्याहून अधिक वर्षे वसई तालुक्यातील आमच्या चर्चमध्ये गायकवृंदात गातो, मिस्सा म्हणजे मुख्य उपासनेत वाचन करतो, प्रायश्चित्त काळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, होणाऱ्या येशूच्या दुःखसहनाच्या नाट्याची संहिताही लिहितो. दोन्हीकडचे काम माणसांनी मिळून करायचे आहे. तळमळ मात्र मला जिथे पैसे मिळतात तिथे अधिक दिसते आणि जिथे ती गृहीतच धरलेली असते तिथे कमी. याचे कारण माणसांत नसून कामाच्या रीतीत आहे असे माझे मत झाले आहे.

अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेचा श्रेयनामावलीविषयी एक नियम आहे. दोघांनी जोडीने बसून लिहिले असेल, तर त्यांच्या नावांमध्ये अँपरसँड, म्हणजे दुकानाच्या पाटीवर ‘कंपनी’च्या आधी दिसते ते चिन्ह, घालतात, आणि एकाने लिहिलेले नंतर दुसऱ्याने वेगळे बसून बदलले असेल, तर मध्ये अक्षरांत ‘अँड’ लिहितात. प्रेक्षकाला हा फरक दिसतही नाही, लेखकाला मात्र त्यात सगळे कळते. आमच्या चर्चमधले सहकार्य बहुतेक या दुसऱ्या प्रकारासारखे वेगवेगळे बसून केलेले असते, त्यात बदलणेसुद्धा नसते: गायकवृंदाने गायचे, तरुणांनी नाताळचा गोठा उभारायचा, महिला मंडळाने फुले सजवायची, फादरांनी प्रवचन द्यायचे; प्रत्येकाचे काम चोख असते, पण एकाचा हात दुसऱ्याच्या कामाला लागत नाही.

लेखकांच्या खोलीत, म्हणजे मालिकेचे लेखक मिळून लिहायला बसतात तिथे, काय होते याचे एक उदाहरण देतो. मुलगा घर सोडून गेल्याचे आईला कळते, असा प्रसंग मी रचला होता आणि संवादलेखकाने त्यावर तीन पाने लिहिली होती. आमच्यातली सर्वांत नवखी मुलगी म्हणाली, “दादा, ती बोलेल कशाला? सकाळी सवयीने दोन डबे काढेल आणि एक परत फळीवर ठेवेल.” मी अर्धा तास भांडलो. ज्याची तीन पाने जाणार होती तो संवादलेखकच आधी तिच्या बाजूने गेला आणि मग माझा नाइलाज झाला. प्रसंग पाऊण पानाचा झाला, त्यात संवाद एकही नव्हता आणि ऐकू येत होता तो फक्त स्टीलच्या झाकणाचा आवाज. ती कल्पना कोणाची, हे चॅनेलने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही, याची मला आता थोडी लाज वाटते.

आता दुसरी बैठक पाहा, आमच्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे चर्चच्या स्थानिक सल्लागार मंडळाची. नाट्याच्या तयारीसाठी आम्ही चौदा जण जमलो होतो. येशूच्या अटकेनंतर त्याचा शिष्य पेत्र त्याला ओळखत नसल्याचे सांगतो, तो प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने करतो: पेत्र मध्यभागी, तीन वेळा नकार, कोंबडा आरवतो, पेत्र रडतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने सुचवले की, हा प्रसंग पेत्राला ओळखणाऱ्या दासीच्या बाजूने दाखवावा. थंडीच्या रात्री वाड्यात काम करणारी एक साधी मुलगी खरे बोलते आणि तिच्यापेक्षा कितीतरी मोठा माणूस तिच्यासमोर खोटे बोलतो. माझ्या अंगावर काटा आला. अध्यक्ष म्हणाले, “छान कल्पना आहे, पुढच्या वर्षी बघू,” आणि पुढचा अर्धा तास जनरेटर आणि पार्किंग यांत गेला. कोणी विरोध केला असता, तर तिला निदान प्रत्युत्तर तरी देता आले असते. मीही बोललो नाही. एरवी एका ओळीसाठी मध्यरात्रीपर्यंत वाद घालणारा मी तिथे वहीत रेघोट्या ओढत बसलो होतो.

यावर लगेच उत्तर येते की, चर्च ही लोकशाही नव्हे. १९८३च्या धर्मविधिसंहितेनेही, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानेही, पॅरिश कौन्सिलला केवळ सल्ला देण्याचा अधिकार दिला आहे. मान्य आहे, पण आम्हाला तरी कुठे त्याहून जास्त अधिकार असतो? चॅनेलच्या एका फोनवर आमचे आठवड्याचे भाग कचऱ्यात जातात. तरीही तो फोन येईपर्यंत वाद घालणे हे आमचे कामच समजले जाते, जो गप्प बसतो त्याला पुढच्या मालिकेला बोलावत नाहीत. चर्चमध्ये नेमके उलटे होते, कारण तिथे गप्प बसणे म्हणजे आज्ञापालन ठरते. शिवाय मानधन घेणाऱ्याला चूक दाखवता येते, फुकट राबणाऱ्याला ती दाखवायला सगळ्यांना संकोच वाटतो. त्याचे काम जसे असेल तसे, आभार मानून, स्वीकारले जाते आणि त्या आभारांतच त्याची उमेद हळूहळू मरते.

असे एकमेकांच्या कामात बोलणे आमच्या परंपरेत बसत नाही असेही नाही. दुसऱ्या शतकात तातियान या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या जीवनाची बायबलमधील चार पुस्तके, एकत्र गुंफून एकच सलग कथा तयार केली होती आणि सिरियाई चर्चमध्ये ती दीर्घकाळ वाचलीही गेली. तरी अखेर चर्चने चार वेगवेगळे, काही ठिकाणी एकमेकांशी न जुळणारे खर्डेच जपले. रोममध्ये ऑक्टोबर २०२३मध्ये झालेल्या सिनॉडला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेला, बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक एकाच गोल टेबलाभोवती बसले होते, स्त्रियांना प्रथमच मताधिकार होता आणि प्रत्येकाने बोलल्यावर काही वेळ शांत राहून मगच दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलायचे, अशी रीत होती. (ही शांतता आमच्या लेखकांच्या खोलीत कधीच नसते, हे कबूल.) आणि रेव्हरंड टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे काव्यचरित्र त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, तेव्हा त्या दोन नावांच्या मध्ये चिन्ह घालायचे की ‘अँड’ लिहायचे, हे त्या अमेरिकी संघटनेलाही ठरवता आले नसते.

आमच्या धंद्याची मी भलामण करीत नाही. अमेरिकेतील लेखकांना २०२३मध्ये १४८ दिवस संप करावा लागला आणि लेखकांच्या खोलीत किमान किती लेखक असावेत, हा त्यातला एक मुद्दा होता. याउलट आमच्या चर्चमध्ये दोन बायका दर आठवड्याला वेदीच्या कापडावर सांडलेले मेण, वर वर्तमानपत्राचा कागद ठेवून आणि त्यावरून इस्त्री फिरवून काढतात, ते मी कोणत्याही सेटवर पाहिलेले नाही. पण त्यांनाही कोणी कधी विचारलेले नाही की, यंदा वेदी कशी मांडावी.

दासीची कल्पना सुचवणारी ती मुलगी आता एका मालिकेच्या लेखकांमध्ये साहाय्यक म्हणून काम करते. आमच्या नाट्याची यंदाची संहिता गेल्या वर्षीचीच आहे, फक्त तारीख बदलली आहे आणि ती मीच बदलली आहे.

आपला,
एक वाचक, वसई (जि. पालघर)