न्यू फॉरेस्टमधल्या त्या दोघांना

गेल्या रविवारी इंग्लंडमधल्या या जंगलात बोल्डरवुडहून ब्रॉकनहर्स्टला येताना, झाडी संपून हीथरच्या झुडपांचं माळरान लागतं तिथे, माझ्या सायकलची चेन तटकन तुटली. जवळ पंप, ट्यूब सगळं होतं. चेनसाठी काही नाही. (वा रे तयारी!) मागून येणारं वयस्कर जोडपं आपणहून थांबलं. गृहस्थांनी चेन टूल काढलं, वाकडी झालेली कडी काढून क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) बसवली. मागचा ब्रेक दाबून पेडलवर जोर दिला की ती 'टक्' करून बसते, हे मला तेव्हा कळलं. बाई तोवर माझ्या सॅकमध्ये नाक खुपसणाऱ्या पोनीला हुसकत होत्या. मी बिस्किट काढलं तर मलाच दटावलं: यांना खाऊ घालायचं नसतं, मोकळी दिसली तरी मालकांची असतात.

पुढे मी माळावरून शॉर्टकट मारणार होतो, तोही त्यांनी अडवला. सायकल फक्त आखून दिलेल्या खडीच्या वाटांवरच. माळावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात. मग चौकातल्या खांबांच्या नंबरांवरून स्टेशनची वाट समजावली.

लिंकचे पैसे घेतले नाहीत. नावं विचारायची राहिली. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. गाडी मिळाली, आणि आता सॅकमध्ये दोन क्विक लिंक आहेत.