मनू, आधी उत्तर दाखल कर

सातारा, रविवार रात्र

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

बाबांना यातलं काही कळू देऊ नको असं तू आईला सांगितलं होतंस आणि तिनं ते दुपारच्या चहापर्यंत पाळलं, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. हॉस्पिटलच्या बिलापोटी तुझ्यावर दावा लागलाय, त्या कोर्टाच्या कागदाचे फोटो तू तिला पाठवलेस तेही मी बघितले, चिऊचे फोटो बघतो तसे बोटांनी मोठे करून करून. फोन मुद्दामच करत नाहीये. माझा आवाज चढतो, मग तू ‘हो बाबा, बघते बाबा’ म्हणून ठेवून देतेस. टाइप करायला मला वेळ लागतो, तेवढ्यात डोकं थंड होतं.

तर पहिलं विचारतो. उत्तर दाखल केलंस का?

कॉन्स्टेबलनं कागद तुझ्या हातात मंगळवारी दिला असं तू म्हणालीस. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात, म्हणजे तिकडच्या लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, तो दिवस सोडून १४ दिवस मोजायचे आणि चौदावा दिवस संपायच्या आत तुझं लेखी उत्तर कोर्टात पोचलेलं पाहिजे. म्हणजे हा येणारा मंगळवार सोडून पुढचा. चौदावा दिवस शनिवार-रविवार किंवा सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस मिळतो पण तुझा पडतोय मंगळवार, तुला ती सवलत नाही. आपल्याकडं कैफियत द्यायला ३० दिवस असतात, कोर्टानं मनावर घेतलं तर ९० पर्यंत जातं, आणि वकील मंडळी ते पुढं कसं रेटतात हे मी कोर्टात बेलिफ म्हणून आख्खी नोकरी बघत आलोय. तिकडं तसलं काही गृहीत धरू नको.

हे मला कसं माहीत म्हणशील. शेजारच्या कुलकर्ण्यांचा धाकटा लॉ ला आहे, त्यानं टेक्सासचे नियम शोधून दिले, मी राजवाड्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढून आणले आणि पेन्सिल घेऊन बसलो. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा इतकं मन लावून काही वाचलं बघ. ५०२.५ नंबरचा नियम आहे, आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या कैफियतीच्या ऑर्डर आठपेक्षा पुष्कळ सुटसुटीत. दाव्यातला मजकूर मला मान्य नाही, एवढं एक वाक्य लिहिलं तरी उत्तर म्हणून चालतं, त्याला ते जनरल डिनायल म्हणतात, आणि एवढंच लिहिलं म्हणून पुढं तुझं म्हणणं मांडायचा हक्क जात नाही. कोरे फॉर्म टेक्सास लॉ हेल्प नावाच्या साइटवर फुकट मिळतात. केस नंबर घाल, आत्ताच्या घराचा पत्ता घाल, जुना नको, सही कर, एक प्रत कोर्टात, एक त्यांच्या वकिलाला, आणि कोर्टाची पोच जपून ठेव. वकील लावलास तर उत्तमच, पण वकील मिळेपर्यंत उत्तर अडवून ठेवू नको.

आई म्हणाली की तू त्या वसुलीवाल्या कंपनीला फोन केलास, तिथली बाई गोड बोलली, महिन्याला दीडशे डॉलर भरत जा म्हणाली, त्यामुळं तुला वाटलं मिटलं. मनू, फोन म्हणजे उत्तर नव्हे. ती बाई खरोखर चांगली असेल, पण कोर्टाच्या फायलीत तिचा गोडवा लागत नाही, तिथं फक्त एवढंच दिसतं की प्रतिवादीनं मुदतीत काही दिलं नाही, आणि मग त्यांचा वकील एकतर्फी निकाल मागून मोकळा होतो. दुसरं, हे कर्ज माझं कसं ते दाखवा असं वसुलीवाल्यांना त्यांच्या नोटिशीपासून ३० दिवसांत लिहून विचारायचा हक्क आहे, १९७७ च्या तिकडच्या वसुलीच्या कायद्यात. ते पत्र पाठवायचं असेल तर जरूर पाठव, पण त्यानं कोर्टाची मुदत थांबत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

तुला कोरेगावकडचा तो चेतकवाला आठवतो का? तू तिसरीत असशील. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी तुला एम-एटीवर पुढं उभी करून नेलं होतं, आईला सांगितलं ऑफिसात नेतोय. एका पतसंस्थेचा दावा होता, समन्स बजावायचं होतं. घरातली बाई म्हणाली मालक गावाला गेलेत. तू वर बघून मोठ्यांदा म्हणालीस, बाबा, वर काका झोपलेत. माळ्याच्या फळीबाहेर त्याच्या पायाचा अंगठा आला होता, नखाला चुना लागलेला. बाई अशी कावरीबावरी झाली की मलाच कसंतरी झालं. मी काही बोललो नाही, दोन पंच बोलावले, खळ लावून समन्स दारावर डकवलं आणि निघालो. येताना तुला रहिमतपूरच्या स्टँडवर भजी खायला घातली होती.

पुढचं तुला माहीत नाही. आठेक महिन्यांनी त्याच घरी मी जप्तीचं वॉरंट घेऊन गेलो. या खेपेला तो माळ्यावर नव्हता, दारातच उभा होता, आणि पत्र्याची ट्रंक ओढत ओढत अंगणात आणून त्यानं त्यातनं पावत्या काढल्या, सुतळीनं बांधलेल्या, महिन्यावार लावलेल्या. गड्यानं कर्ज जवळजवळ सगळं फेडलं होतं! त्या पावत्या घेऊन तो तारखेला नुसता येऊन उभा राहिला असता तरी दावा तिथंच लंगडा पडला असता. पण मी बेलिफ, पावत्या तपासायचा अधिकार मला नाही, कागदावर जे लिहिलंय तेच मला करायचं. चेतक टेम्पोत चढवली. नंतर त्यानं वकील करून एकतर्फी हुकूम रद्द करून घेतला म्हणे, पण त्यात वर्ष गेलं आणि फिटलेल्या कर्जापेक्षा जास्त पैसा गेला.

असली माणसं मी कितीतरी बघितली. लबाड नव्हती त्यातली बरीचशी, घाबरलेली होती. पाकीट फोडलं नाही तर आतलं खरं होत नाही असं माणसाला वाटतं.

आता तुझी ट्रंक. इन्शुरन्सचं ते ईओबी, म्हणजे कोणी किती द्यायचं त्याचा त्यांचा हिशेबाचा कागद, त्यात स्वच्छ लिहिलंय की पेशंटनं द्यायचे १,१५० डॉलर, आणि ते तू २०२४ च्या एप्रिलमध्ये कार्डावर भरलेस, त्याची ईमेल आहे. मग दाव्यात ४,३१२ कुठनं आले? हॉस्पिटल जर तुझ्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमधलं असेल तर करारात ठरलेल्या रकमेच्या वर पेशंटकडनं मागता येत नाही, आणि नेटवर्कबाहेरचं असलं तरी इमर्जन्सीत गेलेल्याकडनं तसला वरचा फरक मागायला २०२२ च्या जानेवारीपासून बंदी आहे. शिवाय टेक्सासात २०२३ च्या सप्टेंबरपासून कायदा आहे की हॉस्पिटलनं बाबवार बिल दिल्याशिवाय वसुलीच्या मागं लागायचं नाही. तुला ते मिळालं होतं का, की जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर जाऊन पडलं? आणि दावा लावणारं हॉस्पिटल नाहीच, तिसरीच कंपनी. त्यांनी हे येणं विकत घेतलं असेल तर कुणाकडनं कुणाकडं गेलं त्याची साखळी त्यांनी दाखवायची आहे, तू नव्हे. हे सगळं तुझ्या बाजूचं आहे. पण उत्तरच दिलं नाहीस तर बघणार कोण?

दावा मुदतबाह्य झाला असेल यावर विसंबू नको. दावा लावायची त्यांची मुदत चार वर्षांची, तुझं २०२४ चं प्रकरण.

पत्ता बदलल्याचं हॉस्पिटलला कळवायला काय होत होतं गं तुला? घर बदललं की पहिलं पोस्ट, बँक, दवाखाना, हे लहानपणापासून सांगतोय. एवढी शिकलेली मुलगी, कंपनीत वीस माणसं हाताखाली, आणि घरात आलेलं पाकीट फ्रिजवर तीन तीन आठवडे पडून. अनिकेतरावांनी तरी बघायला नको का.

हे मी खोडणार होतो. राहू दे, पण मनाला लावून घेऊ नको. अनिकेतरावांना वाचून दाखवू नको.

खरं सांगायचं तर कोर्टाचा धक्का मला बसलाच नाही, माझा जन्म त्यात गेला. धक्का बसला तो याचा की तू फेब्रुवारीत रात्री दोन वाजता पोट धरून उबरमध्ये बसून हॉस्पिटलात गेलीस, अनिकेतराव शिकागोला, चिऊ शेजारच्या बाईंकडं, आणि आम्हाला हे दोन वर्षांनी वादी-प्रतिवादीच्या कागदातनं कळतंय. त्याच रविवारी तू व्हिडिओवर आईला विचारत होतीस की खरवसाला कितव्या दिवसाचा चीक लागतो. आई सारखी तेच म्हणतेय, पोरगी खरवसाचं विचारत होती. पण दोन वाजता एकटीनं जाऊन, फॉर्म भरून, इन्शुरन्सचं कार्ड दाखवून, सकाळी लेकीला शाळेत सोडायला परत हजर, हे ऐकून मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. घाबरलो, आणि छाती फुगली पण. माझ्यात हे धाडस नाही. मला साध्या दाढदुखीला आई लागते.

आईनं विचारलंय की पोलीस येतील का आणि व्हिसाचं काय होईल. हा दिवाणी दावा आहे, पैशाच्या येण्यासाठी तिकडं अटक होत नाही, आणि फोनवर कोणी अटकेची धमकी दिली तर तोच कायद्याचा भंग आहे, तारीख-वेळ लिहून ठेव. व्हिसाचं तुमच्या कंपनीच्या इमिग्रेशनच्या वकिलाला विचार म्हणजे आई झोपेल. वसुलीवाल्यांनी फोनही सकाळी ८ च्या आधी आणि रात्री ९ च्या नंतर करायचे नाहीत, एका कर्जापोटी सात दिवसांत सातपेक्षा जास्त नाहीत. (आपल्या रिझर्व्ह बँकेनं तर संध्याकाळी ७ नंतर बंद सांगितलंय, पण इथं कोण पाळतो.) असल्या कर्जासाठी टेक्सासात पगारावर टाच येत नाही, ते त्यांच्या राज्यघटनेतच आहे. पण हे वाचून निवांत होऊ नको. पगार जातो कुठं, बँकेतच ना? निकाल लागला की बँकेतलं खातं गोठवता येतं, आणि निकाल दहा वर्षं जिवंत राहतो. चिऊ तोवर कॉलेजात जाईल.

तडजोड करायची झाली तर उत्तर दाखल केल्यावर कर, आधी नाही. उत्तर गेलं की त्यांचाच सूर बदलतो. जे ठरेल ते आधी लेखी घे, मग पैसे, आणि दावा परत लावता येणार नाही अशा शब्दांत काढून घेतल्याचा कोर्टाचा कागद हातात आल्याशिवाय प्रकरण मिटलं असं समजू नको. त्या बाईला बँक खात्याचा नंबर फोनवर दिला नाहीस ना? दिला असलास तर सांग, ओरडणार नाही.

पैशाचं म्हणशील तर माझी एक एफडी मार्चमध्ये सुटतेय. आई म्हणते हे लिहू नको, तिला अपमान वाटेल. यात अपमान कसला? पण जे देणं लागत नाहीस ते केवळ कटकट नको म्हणून देऊन टाकू नको, दोन वेळचे पैसे कोणाला वर आलेत.

तुझ्याकडचा मंगळवार इथं बुधवार उजाडल्यावर संपतो, त्यामुळं उगाच शेवटच्या दिवसावर ठेवू नको, ई-फाइलिंग अडकतं, पासवर्ड विसरतो, प्रिंटर बिघडतो. उद्याच कर. उद्या ऑफिसात जायच्या आधी कर. पोचेचा फोटो मला टाक, आईच्या नंबरवर नको, माझ्या. मी परत विचारणार नाही.

आता दुसरं. त्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे आहेत म्हणाले, गोळ्या देऊन घरी सोडलं. पुढं काय झालं? खडे आहेत तसेच आहेत का? तू मेडिकल बिलाचं सगळं सांगितलंस आईला, खड्यांचं एक अक्षर नाही. तुझ्या आत्याला असंच होतं आणि तिनं अंगावर काढलं, शेवटी घाईघाईत पुण्याला न्यावं लागलं, ते सगळं तू बघितलंयस. डिसेंबरात येणार आहात तर इथं करून घे, दुर्बिणीचं ऑपरेशन असतं, दोन दिवसांत घरी, आई आहे, मी आहे, चिऊला मी अजिंक्यताऱ्यावर नेईन. रिपोर्ट तेवढे पाठव, मी इथल्या डॉक्टरांना दाखवून ठेवतो. आणि ऑपरेशनचं तुझं काय ठरतंय ते मला सांगायला संकोच वाटत असेल तर आईलाच सांग, बाबांना सांगू नको म्हणून.

तुझा,
बाबा