अभिप्रायाच्या फॉर्मविषयी मित्रास पत्र

आइंडहोवन, नेदरलँड्स

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या परिषदेसाठी तू तयार केलेला अभिप्रायाच्या फॉर्मचा मसुदा मिळाला. पंचवीस-तीस प्रश्न आहेत, मेहनतीने लिहिलेले आहेत, आणि तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की त्यांतील बहुतेक काढून टाकावेत. नुसते मत देऊन मोकळा होणे योग्य नाही, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

ब्रसेल्सच्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत मी स्वयंसेवक म्हणून काम करतो, हे तुला ठाऊक आहेच. ओसडेम या नावाने सुरू झालेली आणि पुढे आजचे नाव घेतलेली ही परिषद तेथील यूएलबी विद्यापीठाच्या सोलबॉश परिसरात भरते. ती सर्वस्वी स्वयंसेवकांच्या बळावर चालते. प्रवेश विनामूल्य असतो आणि त्यासाठी नावनोंदणीसुद्धा करावी लागत नाही. त्यामुळे आठ हजारांच्या आसपास माणसे येऊन जातात आणि आयोजकांच्या हाती त्यांची यादी मात्र नसते. परिषद संपल्यावर 'आपला अभिप्राय कळवा' असा ईमेल पाठवायचा म्हटले, तरी तो पाठवायचा कोणाला? प्रत्येक व्याख्यानाच्या पानावर अभिप्रायाचा दुवा असतो, तो ज्याला वाटेल तो वापरतो. पण मला त्याहून अधिक शिकवले ते दारावरच्या पाटीने.

तेथील जान्सन सभागृहात सुमारे 1400 माणसे बसतात, परंतु बहुतांश सत्रे लहान वर्गांमध्ये होतात. अग्निसुरक्षेच्या नियमानुसार जागा भरल्या की कोणालाही उभे राहू देता येत नाही, म्हणून दारावरचा स्वयंसेवक 'फुल' अशी पाटी लावतो आणि खोली भरल्याची खूण फोनवरच्या वेळापत्रकातही दिसू लागते. आता असा विचार कर, की त्या दाराबाहेर ताटकळत उभ्या राहिलेल्या माणसाला सत्र कसे वाटले, हे विचारण्यात काही अर्थ नाही, कारण त्याने ते ऐकलेच नाही. मात्र पुढच्या वर्षी कोणत्या विषयाला मोठी खोली द्यावी, हे त्याच्याइतके स्पष्टपणे दुसरे कोणीही सांगू शकणार नाही. तुझ्या मसुद्यात या माणसासाठी एकही प्रश्न नाही. त्याला फॉर्म देऊही नकोस. दारावरच्या मुलाने सत्र सुरू होताना आणि मध्यावर डोकी मोजून कागदावर लिहिली आणि किती जण परत गेले ते टिपले, तरी पुरे. मध्येच उठून गेलेल्यांचा आकडाही त्यातूनच मिळेल.

दुसरी गोष्ट नोंदणीच्या टेबलाची. तेथे एक साधी शंभरपानी वही ठेव आणि येणारा प्रत्येक जण जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घे: पाणी कुठे आहे, जैन जेवण वेगळे मिळेल का, दुसरा ट्रॅक (समांतर चालणारी सत्रे) कोणत्या मजल्यावर आहे, लहान मुलाला घेऊन बसता येईल का, बायकांचे स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे. एकच प्रश्न दिवसभरात वीस वेळा आला असेल, तर पाटी चुकीच्या जागी लागली आहे किंवा मुळातच लागलेली नाही, हे समजायला वेगळे सर्वेक्षण लागत नाही. माणसे त्रास झाला की त्याच क्षणी बोलतात. आठ दिवसांनी फॉर्म उघडतात तेव्हा त्यांना ते आठवत नाही, किंवा आठवले तरी एवढ्याशा गोष्टीबद्दल काय लिहायचे म्हणून ती गप्प राहतात. आपल्याकडे भीड हा प्रकार मोठा आहे. ज्या मुलांनी रविवार घालवून, खिशातले पैसे खर्चून कार्यक्रम उभा केला, त्यांच्या तोंडावर 'मागच्या बाकांवर काहीही ऐकू आले नाही' असे कोण म्हणणार? व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर 'खूप छान आयोजन' आणि हात जोडल्याची चित्रे येतात, ती मनापासूनच असतात, पण त्यांतून माईक सुधारत नाही.

मसुद्यातील एका कल्पनेला माझा ठाम विरोध आहे. फॉर्म भरल्याशिवाय प्रमाणपत्र द्यायचे नाही, असे तुम्ही ठरवले आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयातली अर्धी मुले हजेरीसाठी बसवलेली असतात, हे तू आणि मी दोघेही त्याच बाकांवर बसून शिकलो आहोत. अशा मुलांना प्रमाणपत्र हवे असते, म्हणून ती पहिल्यापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत 'उत्कृष्ट' वर खूण करून मोकळी होतात आणि खरोखर काही सांगू पाहणाऱ्या पाचपन्नास जणांची उत्तरे त्या ढिगाखाली गाडली जातात. प्रमाणपत्र सरसकट देऊन टाका. फॉर्म कमी येतील, आणि ते चांगलेच होईल.

आकड्यांच्या मोजपट्टीबद्दलही लिहायलाच हवे. 'ही परिषद तुम्ही मित्राला सुचवाल का' हा शून्य ते दहाचा प्रश्न तू कंपन्यांच्या पद्धतीतून उचललेला दिसतो. त्या पद्धतीत नऊ-दहा देणारा तेवढा समर्थक, सात-आठ देणारा तटस्थ आणि सहापर्यंतचे सगळे असमाधानी धरले जातात. आपण मात्र ज्या परीक्षांमधून आलो तेथे साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते आणि पंचाहत्तरच्या वर गेले की घरात पेढे वाटले जातात. आपला माणूस दहापैकी सात देतो तेव्हा तो कौतुक करत असतो, आणि तुमचे सूत्र त्याला समर्थकांत मोजतच नाही. त्यापेक्षा दोनच मोकळे प्रश्न ठेव: 'पुढच्या वर्षी कोणती एक गोष्ट बदलावी?' आणि 'कोणती गोष्ट अजिबात बदलू नये?' दुसरा प्रश्न वगळू नकोस. सुधारणेच्या उत्साहात चांगले चाललेले काम मोडण्याची स्वयंसेवकांना मोठी हौस असते.

उत्तरे मराठीत, इंग्रजीत किंवा दोहोंच्या मिश्रणात चालतील, असे वरच लिहून टाक. नाव आणि मोबाइल क्रमांक मागू नकोस. प्रायोजकाला यादी हवी असेल, तर तो विषय नोंदणीच्या वेळी वेगळी संमती घेऊन मिटवावा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर ही काळजी घेतलीच पाहिजे. फॉर्मचा क्यूआर कोड समारोपाच्या पडद्यावर दाखवलात तर उपयोग थोडा, कारण तोपर्यंत निम्मी माणसे शेवटच्या बसच्या चिंतेने निघालेली असतात. तो जेवणाच्या कूपनवर छापा; रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पाच मिनिटे मोकळी असतात.

वक्त्यांविषयीचे अभिप्राय वेगळे ठेवावेत, आणि ते वक्त्याकडे जाण्याआधी एखाद्या समंजस माणसाने वाचावेत. पहिल्यांदाच व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या मुलीला 'उदाहरणे घाईत गेली' हे कळणे उपयोगाचे आहे; तिच्या उच्चारांची कोणी केलेली टिंगल तिच्यापर्यंत पोहोचण्याचे काहीही कारण नाही.

हे सगळे गोळा झाल्यावर आठवड्याच्या आत स्वयंसेवकांची बैठक घ्या. दारावरची आणि टेबलावरची मुले बैठकीला असलीच पाहिजेत, कारण मुख्य आयोजक दिवसभर पाहुण्यांच्या मागे धावत असतात आणि त्यांना प्रत्यक्षात फारसे काही दिसलेले नसते. प्रत्येक सूचनेपुढे ती करणाऱ्याचे नाव लिहा. नाव मिळाले नाही तर ती सूचना कितीही चांगली असली तरी यंदा बाजूला ठेवा. पगारी माणसे नसलेल्या कामात याखेरीज दुसरा मार्ग मला दिसलेला नाही. पुढच्या वर्षीच्या पहिल्या घोषणेत मात्र लोकांच्या सांगण्यावरून काय बदलले ते लिहा, आणि जे बदलता आले नाही त्याचे कारणही द्या. सभागृहाचे भाडे परवडत नाही, एवढे प्रांजळपणे सांगितले तरी माणसे समजून घेतात आणि पुढच्या वेळी पुन्हा लिहितात.

सुधारलेला मसुदा पाठव, मी लगेच पाहीन. टेबलावरची वही कोणाकडे सोपवणार, तेही कळव. चटपटीत बोलणाऱ्यापेक्षा शांतपणे ऐकून घेणारा कोणी असेल तर बरे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध