मोहोर थोडा, पालवीच फार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

यंदा थंडी पडलीच नाही म्हटलं तरी चालेल. स्वेटर कपाटातच राहिले आणि जानेवारी सरायच्या आत पंखे सुरू झाले. बागेनेही त्यावरूनच अंदाज बांधला असावा. कोकीळ पहाटेपासून ओरडतोय. कडुनिंबाची पानगळ संपत आली, शेंड्यांना तांबूस पानं दिसायला लागलीत. आई, तुझ्या शेवंतीने मात्र लवकर मान टाकली.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न आंब्याचा असणार. फांद्यांच्या टोकांचे डोळे (कोंब) फुगले तेव्हा मी खूश होते, पण जवळून पाहिलं तर बरेचसे बारीक नि टोकदार. त्यांतून निघाली पालवी! तांबूस, लुळी, हात लावला तर ओलसर गार. रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास काही दिवस टिकला असता तर तिथे मोहोर आला असता. उबेत झाड पानंच काढत बसतं. एका फांदीवर तर गंमतच आहे, एकाच डोळ्यातून पानंही आलीत आणि तुराही.

जो मोहोर आलाय त्यावर तुडतुडे आहेत. खालच्या पानांवर चिकटा पडलाय. शेजारी म्हणतात, औषध मारून टाका. पण फुलं उमललेली असताना मी काही मारणार नाही. दिवसभर त्यावर माश्या घोंगावत असतात, त्यांना घालवून फळ धरणार कसं? आधीच एका तुऱ्यावर शेकडो फुलं, त्यांतली बरीच नर, आणि शेवटी टिकते एखाददुसरी कैरी. न उमललेल्या तुऱ्यांवर तेवढा निंबोळी अर्क संध्याकाळी फवारलाय.

पाणी तोडलंय. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की सुरू करीन. (आई, 'बिचारं झाड' म्हणू नकोस. एवढ्या जुन्या झाडाची मुळं खोल असतात.)

मोगरा छाटला, उरलेली पानं काढली, बुडाशी शेणखत घातलं. आता पेरापेरावर हिरवे कोंब आलेत. ऊन असंच राहिलं तर कळ्याही लवकर धरतील, तेव्हा इकडे यायचं उन्हाळ्यावर ढकलू नका.

बाबा, त्या मिश्र डोळ्यातली कोवळी पानं खुडली तर तुऱ्याला जोर येईल का, ते कळवा. फोनवर नको, लिहूनच कळवा; फोनवर तुम्ही 'बघू' म्हणता आणि आई विषय बदलते.

तुमची,
धाकटी