जत्रेच्या नाटकाचा पैसा गावातच राहतो, यंदा मंडळाला हात द्या

नमस्कार मंडळी, जत्रा जवळ आली, तालमी सुरू झाल्यात नी दरवर्षीसारखं पावतीपुस्तक घेऊन आम्ही तुमच्या दारात येणारच आहोत, पण यंदा मागणं मोठं आहे म्हणून आधी सगळं लिहून सांगतोय. वाचा नी मुंबई-बेळगावला असलेल्या आपल्या माणसांनाही पाठवा.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आमचं मंडळ जत्रेला गावातल्याच मुलामुलींना घेऊन मराठी नाटक करतं, तिकीट नाही, नफा नाही, नट एक पैसा घेत नाहीत. यंदा स्वतःचे स्टेज लाईट नी ते कमी-जास्त करायचे डिमर घ्यायचेत, रंगमंचावरचे पत्रे बदलायचेत आणि बायकांसाठी मेकअपची वेगळी खोली, संडासासकट, बांधायची आहे. आमच्या मते ही खोली सगळ्यात आधी, कारण नाटक संपायला पहाट होते नी तोवर मुलींनी कपडे बदलायला शेजाऱ्यांकडे धावायचं हे बरोबर नाही.

आता काही जण म्हणतात, नाटकाला एवढे पैसे कशाला, गावाच्या उपयोगाचं काहीतरी करा. त्यांनी मंडळाच्या वहीतलं खर्चाचं पान बघावं. दुपारी ड्रेपरीचा, म्हणजे भाड्याच्या नाटकी कपड्यांचा टेम्पो येतो, पत्र्याच्या ट्रंका उतरतात, शेले, जिरेटोप, तलवारी, एकेक वस्तू मोजून घ्यायची नी पहाटे मोजून परत द्यायची, तो ड्रेपरीवाला आपल्याच तालुक्यातला आणि त्याच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बायकाही इथल्याच. मेकअपवाला, ऑर्गनवाला, तबलजी, मांडववाला, हँडबिल छापणारा प्रेस, तालमीला चहा-भजी देणारं हॉटेल, सगळे इथलेच. गोव्याबाहेर जातात ते दोनच खर्च, नाटककाराचं मानधन, ते द्यायलाच हवं, नी लाईटचं भाडं, कारण सेट बेळगावहून येतो. तो दुसरा खर्च आपण थांबवू शकतो. स्वतःचे लाईट आले की गावातली दोन मुलं ते काम शिकतील, नी कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत, शेजारच्या गावांच्या उत्सवात त्यांना काम मिळेल.

वहीत न येणारा पैसा तर याहून मोठा आहे. जत्रा देवीची, हे खरंच, पण पालखी झाल्यावर जो माणूस घरी गेला असता तो नाटकामुळे रात्रभर थांबतो, नी थांबला की खातो. इंटर्वलला बघा, ओम्लेट-पावच्या गाड्यावर उभं राहायला जागा नसते, खाजेवाली पुड्या बांधून थकते, आबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे विकणारी म्हातारी टोपली रिकामी करून उठते. बाहेरगावचे कुळावी, म्हणजे देवी ज्यांची कुलदेवता ती माणसं, देवळाच्या अग्रशाळेतल्या खोल्यांत उतरतात, रिक्षा करतात, जाताना सोलं (आमसुलं) नी काजू घेऊन जातात. समुद्रकिनारा नसलेल्या आपल्या गावात टुरिस्ट येत नाही, आपला सीझन म्हणजे हीच रात्र. वास्कोचा दामोदर सप्ताह घ्या, भजन चोवीस तासांचं, एकेका समाजाचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका येतात, नी त्या भजनामागून रस्त्यावर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार भरतो, ती पुढे कितीतरी दिवस चालते.

अमेरिकेत याचा हिशोबच मांडलाय. तिथल्या ना-नफा कला संस्था नी त्यांचे प्रेक्षक मिळून २०२२ मध्ये १५१.७ अब्ज डॉलरची उलाढाल झाली, २६ लाख रोजगारांना आधार मिळाला, नी प्रेक्षक तिकीट सोडून एका कार्यक्रमामागे सरासरी ३८.४६ डॉलर, म्हणजे तेव्हाचे तीन हजार रुपये, जेवणखाण, प्रवास, मुक्काम यावर खर्च करत होता. आपले आकडे तेवढे नसतील, पण पैसा फिरायची रीत तीच. आणि गोमंतकाला हे नवं नाही, मंगेशीत जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी १९१८ साली बलवंत संगीत मंडळी काढली, तेव्हाच्या नाटक कंपन्यांवर गायक-नटांबरोबर पडदे रंगवणारे, शिंपी, आचारी अशी कितीतरी घरं चालायची.

म्हणून यंदा आपला हिशोब आपणच ठेवायचं ठरवलंय. कॉमर्स-इकॉनॉमिक्स शिकणारी पोरं असतील तर जत्रेच्या रात्री दोन तास द्या, गाडेवाल्यांना नी प्रेक्षकांना चार साधे प्रश्न विचारून लिहून घ्यायचं, नाव कुणाचं लिहायचं नाही. ते आकडे पंचायतीला नी पुढच्या देणगीदारांना दाखवता येतील.

सरकारी अनुदानासाठी अर्ज करतोय, पण त्याच्या भरवशावर जत्रा थांबत नाही. ५०१ दिलेत तरी पावती मिळेल नी नाव फळ्यावर लागेल. दुकानदार, हॉटेलवाल्यांनी स्मरणिकेत जाहिरात द्यावी, त्या रात्रीचा धंदा तुमचाही आहे. पैसे जमत नसतील तर गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांनी एक-दोन दिवसांचं काम द्यावं, सिमेंट, चिरे, टाईल्स उरल्या असतील तर कळवा, आम्ही पिकअप घेऊन येतो. तिन्ही कामांची कोटेशनं देवळाच्या सभामंडपात लावलीत, जत्रेनंतर सगळा खर्च बिलांसकट तिथेच लागेल.

खजिनदार रोज संध्याकाळी सातनंतर तालमीच्या जागी असतात. मेकअपच्या खोलीचा पाया जत्रेआधी घालायचाय, तेव्हा ज्यांना देणं शक्य आहे त्यांनी या पंधरवड्यातच द्यावं.